विश्लेषण : ‘आत्ताच्या आत्ता करा’ सांगणाऱ्या फोनला दहा मिनिटे का नको असतात?

गेल्या उन्हाळ्यात एके संध्याकाळी सातच्या सुमारास कराडला माझ्या बाबांच्या फोनवर एक संदेश आला. ‘मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आपला वीजपुरवठा आज रात्री साडेनऊ वाजता खंडित करण्यात येईल. त्वरित वीज अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाइल क्रमांक. बाबांनी तो लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. बिल भरलेले दिसते, पण नोंद झालेली नाही. एक अ‍ॅप घ्या, दहा रुपये भरा, नोंद होऊन जाईल, एवढेच त्याचे म्हणणे. आणि हो, फोन ठेवू नका.

बाबा साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. व्हाउचरवर दुसरी सही नसेल तर पैसे न सोडणारा माणूस. तरीही ते अ‍ॅप उतरवून घेत होते. थांबले ते चष्मा सापडेना म्हणून. पडद्यावर आलेले आकडे वाचता येईनात, तेव्हा त्यांनी आईला हाक मारली. आई फोडणी टाकत होती. ती आतूनच म्हणाली, ‘‘थांबा जरा, हात तेलाचे आहेत. आणि बिल तर तुम्ही सोमवारीच भरलंत की, पावती कॅलेंडरमागच्या खिळ्याला आहे.’’ हे पलीकडे ऐकू गेले असावे. कारण त्या अदबशीर माणसाचा आवाज एकदम चढला. त्या चढलेल्या आवाजाने बाबांना पहिल्यांदा शंका आली.

ते अ‍ॅप फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे होते. दहा रुपये भरताना बाबांनी टाकलेला प्रत्येक आकडा पलीकडे दिसला असता. निवृत्तीच्या पैशांचे खाते त्याच फोनला जोडलेले आहे. त्या रात्री बाबांनी मला फोन करून सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाले, ‘‘अगं, मला कळायला हवं होतं.’’ हे वाक्य ते पुढचा आठवडाभर म्हणत होते.

प्रश्न कळण्या-न कळण्याचा आहे का? मला तसे वाटत नाही. बाबांना सगळे कळत होते. त्यांना ते आठवायला वेळ मिळू दिला गेला नाही.

वीज खरेच त्या रात्री तोडता आली असती का?

नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार बिल थकले असले तरी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय, वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून असे संदेश आपण पाठवत नाही, हे महावितरणने वारंवार जाहीर केले आहे. म्हणजे पैसे थकवणाऱ्यालाही कायदा पंधरा दिवस देतो आणि वेळेत बिल भरलेल्या बाबांना हा माणूस अडीच तास देत होता.

ही विसंगती एकदा लक्षात आली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. खऱ्या व्यवस्था संथ असतात. आपण त्यांना त्यासाठी शिव्याही घालतो. सरकारी कार्यालय, बँक, न्यायालय, पोलीस ठाणे, कुठेही कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला दिवस लागतात. हीच मंडळी फोनवर मात्र अचानक मिनिटांच्या हिशेबात बोलू लागली, तर ती ती नसतात.

‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार याच धर्तीवर चालतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशांचे खाते उघडले गेले, असा फोन येतो. मग व्हिडीओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कुणाशी बोलायचे नाही, पडताळणीसाठी पैसे ‘सरकारी’ खात्यात भरायचे. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. खरी अटक झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते आणि अटक झालेल्याला वकिलाशी सल्लामसलत करण्याचा हक्क असतो. ‘कुणाशी बोलू नका’ ही अट कायद्याची नाही, ठगाची आहे.

यात फक्त साधीभोळी माणसे अडकतात, असा एक समज आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याकडून याच पद्धतीने सात कोटी रुपये काढून घेतले गेले. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी उभी केली गेली, तत्कालीन सरन्यायाधीशांच्या नावाने कुणीतरी बोलले, बनावट आदेशही व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पोलिसांनी नंतर त्यातील सुमारे सव्वापाच कोटी रुपये परत मिळवले. ओसवाल यांनी आयुष्यभर वकील, लेखापाल, सल्लागार यांच्यासोबत काम केले आहे. त्यांपैकी एकालाही मधल्या वेळात एक फोन झाला असता तर? पण कॅमेऱ्यासमोर सतत बसवून ठेवण्याचा हेतूच तो फोन होऊ नये, हा असतो. पुढे या प्रकारांची व्याप्ती एवढी वाढली की ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवला.

इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेतले एक साधे बटण

पत्रकारितेत येण्याआधी मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. त्यातले आता फारसे काही उपयोगी पडत नाही, पण दुसऱ्या वर्षातला एक प्रयोग बाबांच्या त्या फोननंतर सारखा आठवतो.

प्रयोग सोपा होता. एक बटण, एक मायक्रोकंट्रोलर आणि आकडा दाखवणारा एक डिस्प्ले. बटण दाबले की आकडा एकाने वाढला पाहिजे. आम्ही तारा जोडल्या, प्रोग्राम लिहिला, बटण दाबले आणि आकडा शून्यावरून थेट चारवर गेला. पुन्हा दाबले, सात. सगळ्या तारा तपासल्या, सगळे बरोबर. मग प्रयोगशाळेतल्या सरांनी ऑसिलोस्कोप लावून दाखवले. बटण दाबल्यावर आतले धातूचे दोन पत्रे एकदम घट्ट चिकटत नाहीत. ते काही मिलिसेकंद एकमेकांवर आपटत राहतात, लागतात, सुटतात, पुन्हा लागतात. बोटाला हे जाणवत नाही, पण प्रोसेसर एवढा वेगवान असतो की ही प्रत्येक थरथर त्याला नवा हुकूम वाटते आणि तो इमानेइतबारे प्रत्येकीला प्रतिसाद देतो.

यावरचा उपाय ‘डिबाउन्सिंग’ या नावाने ओळखला जातो. पहिली खूण मिळाली की प्रोग्राम काहीच करत नाही. दहा-वीस मिलिसेकंद थांबतो आणि मग बटणाकडे पुन्हा पाहतो. अजूनही दाबलेले आहे? मग ते खरे. नसेल तर ती थरथर होती, सोडून द्या. मायक्रोवेव्हपासून कीबोर्डपर्यंत जिथे जिथे बटण आहे तिथे हा छोटासा विराम कुठल्या ना कुठल्या रूपात बसवलेला असतो.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, प्रोग्राम नुसता थांबत नाही. थांबून तो पुन्हा वाचतो. वीस मिलिसेकंद थांबून आधीच्याच खुणेवर विश्वास ठेवला तर थांबण्याला काही अर्थ नाही. आपल्याकडे नेमकी इथे गफलत होते. दहा मिनिटे थांबायचे, आणि त्या दहा मिनिटांत तोच संदेश आठ वेळा वाचून घाबरे व्हायचे. दुसरे वाचन दुसऱ्या जागेवरून व्हावे लागते. बिलाच्या मागे छापलेला क्रमांक, बँकेच्या कार्डामागचा क्रमांक, स्वतः उघडलेले संकेतस्थळ, शेजारचे काका, कॅलेंडरमागच्या खिळ्याची पावती. संदेशातच दिलेला क्रमांक लावून ‘खात्री करून घेतली’ म्हणणे म्हणजे चोरालाच विचारणे, तू चोर आहेस का. बाबांनी तेच केले होते.

पण घाईत आपण असे का वागतो?

मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर सी या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना दोन कामांतून एक निवडायला सांगितले. एकाचा मोबदला कमी, पण मुदत लवकर संपणारी. दुसऱ्याचा मोबदला जास्त, मुदत लांबची. काम दोन्हींत तेवढेच आणि ते कुठल्याही मुदतीत आरामात होण्यासारखे. तरी मुदत जवळची दिसली की कमी मोबदल्याच्या कामाकडे वळणाऱ्यांचे प्रमाण वाढले. म्हणजे घड्याळ नुसते दाखवले तरी पुरते. त्या घड्याळाचा आपल्याशी काही संबंध आहे का, हे आपण तपासत नाही.

खरेदीच्या अ‍ॅपवर ‘फक्त २ शिल्लक’, ‘सवलत ०४:५९ मिनिटांत संपेल’ असे चमकत असते ते याच भरवशावर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या यादीत पहिलाच क्रमांक ‘खोट्या निकडी’चा आहे. म्हणजे घाई ही तयार करून विकली जाणारी वस्तू आहे, हे आता सरकारी कागदावरही आले.

बाबांना उपदेश करण्याआधी माझेही सांगते. दोन वर्षांपूर्वी टपाल खात्याच्या नावाने मला संदेश आला, पत्ता अपुरा असल्याने पार्सल १२ तासांत परत जाईल. मी खरेच एका पार्सलची वाट पाहत होते. लोकल दादरला पोहोचेपर्यंत लिंक उघडून २५ रुपयांसाठी कार्डाचा क्रमांक टाकूनही झाला होता. ओटीपीच्या संदेशात रक्कम ३८ हजारांच्या पुढे दिसली म्हणून थांबले. नाहीतर सायबर फसवणुकीच्या डझनभर बातम्या स्वतः लिहिलेली मी, त्यातल्याच एका बातमीत गेले असते.

बातमीच्या धंद्यातली घाई

आमच्या डेस्कवर ‘अर्जंट’ हा शब्द दिवसाला शंभरदा ऐकू येतो. ११ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाचे वृत्त एकामागोमाग एक संकेतस्थळांवर येऊ लागले. ते रुग्णालयात होते, वय ८९. खोटे वाटावे असे त्यात काहीच नव्हते. माझ्या पडद्यावर नोटिफिकेशनची ओळ टाइप होऊन तयार होती, फक्त बटण दाबायचे बाकी होते. आमच्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी एकच विचारले, ‘‘रुग्णालय सांगतंय, घरचे सांगतायत, की सगळे एकमेकांचं बघून सांगतायत?’’ मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. प्रत्येक मिनिटाला वाचक दुसरीकडे जात होते. थोड्या वेळात ईशा देओल यांनी समाजमाध्यमावरून सांगितले की वडिलांची प्रकृती स्थिर आहे. हेमामालिनी यांनीही माध्यमांवर तीव्र नाराजी व्यक्त केली. धर्मेंद्र यांचे निधन त्यानंतर तेरा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला झाले. त्या सकाळी डझनभर ठिकाणी तीच बातमी दिसत असली, तरी तिचे मूळ डझनभर नव्हते. बटण एकच होते, थरथर डझनभर वेळा मोजली गेली.

रात्री अकराला येणाऱ्या ‘प्लीज अर्जंट’ ईमेलचेही वेगळे नाही. मी काही महिने एक प्रयोग करून पाहिला. असा ईमेल आला की उत्तर लिहायचे, पण पाठवायचे सकाळी. बऱ्याचदा सकाळपर्यंत दुसरा ईमेल आलेला असे, ‘झाले, सापडले’. एकदा मात्र मी खरेच उशीर केला आणि सहकाऱ्याला एकट्याला निस्तरावे लागले. त्यानंतर मी ठरवले की खरे तातडीचे असेल तर माणूस ईमेल करणार नाही, फोन करेल, आणि हे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले. चिडून लिहिलेल्या उत्तरांसाठी जीमेलमध्ये पाठवलेला ईमेल मागे घेण्याची सोय आहे. ती मुळात पाच सेकंदांची असते, सेटिंगमध्ये जाऊन ३० करता येते. मी ३० केली आहे. त्या अर्ध्या मिनिटाने माझी एक नोकरी वाचवली असावी.

थांबण्याची सोय आता व्यवस्थेतच

माणसावर सोडून चालत नाही हे बँकांनाही कळले आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू केले की पहिले किमान २४ तास पाच हजार रुपयांपर्यंतचेच व्यवहार होतात. त्या मर्यादेवर आपण वैतागतो, पण तुमचा क्रमांक दुसऱ्याने पळवला असेल तर तेवढ्या वेळात ते लक्षात येऊ शकते. ऑनलाइन बँकिंगमध्ये नवे खाते जोडल्यावर मोठी रक्कम लगेच पाठवू न देणे, हाही डिबाउन्सिंगचाच प्रकार. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय मिळाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ बंद झाली, कारण पैसे येत आहेत असे भासवून पिन टाकायला लावण्यासाठी तिचा वापर होत होता. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आताही आहे. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये डिजिटल अटकेबद्दल बोलताना थांबा, विचार करा, मग कृती करा, असा क्रम सांगितला होता. आपल्या घाटरस्त्यांवरचे ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’ हे फलक त्याच्याही कितीतरी आधीचे.

आणि खरेच घाई असेल तेव्हा?

इथे जपून लिहायला हवे, कारण ‘थांबा’ हा सल्ला काही ठिकाणी जीव घेऊ शकतो. समोरचा माणूस कोसळला आणि श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन आणि छातीवर दाब लगेच सुरू व्हायला हवेत. मेंदूला काही मिनिटेच मिळतात. चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर पक्षाघाताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तिथे ‘सकाळी बघू’ म्हणणे म्हणजे ती वेळ घालवणे. भूकंप, आग, गॅसचा वास यांनाही हेच लागू. ही धोक्याची खूण तुमच्या डोळ्यांना, नाकाला दिसते, जाणवते. फोनवरून कुणी सांगावी लागत नाही. आणि शेजाऱ्याला बोलावले म्हणून हृदयविकाराचा झटका चिडत नाही.

फसवणूक होऊन गेल्यानंतरचा वेळही असाच असतो. तिथे लाजेपोटी थांबणारे लोक सर्वाधिक गमावतात. १९३० या क्रमांकावर लगेच कळवले तर पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि पुढे सरकण्याआधी रक्कम गोठवता येते. चोरटे ती तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरवतात, म्हणून इथे खरोखर मिनिटे मोजायची. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, पासवर्ड किंवा ओटीपी आपल्या चुकीने दिला गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. घरच्यांना काय सांगायचे याचा विचार नंतर करता येतो.

अगदी खऱ्या आणीबाणीतही एक श्वास घेण्याइतकी जागा असतेच, हे विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून शिकवले आहे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून उडालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचे उजवे इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले. हे विमान एका इंजिनावर उडू शकते. पण वैमानिकाने घाईत डाव्या, म्हणजे चालू इंजिनाची शक्ती कमी केली आणि तेच बंद केले. विमान नदीत कोसळून ४३ जण मरण पावले. इंजिन बंद करण्यापूर्वी एकाने ओळखायचे आणि दुसऱ्याने खात्री करून ‘हो’ म्हणायचे, हा नियम वैमानिकांना असतो तो यासाठीच. बाबांच्या लेखा विभागातली ती दुसरी सही, तीच.

बाबांनी आता फोनच्या कव्हरमध्ये एक कागद घडी करून ठेवला आहे. त्यावर बँकेच्या शाखेचा क्रमांक, महावितरणच्या बिलावरचा क्रमांक, १९३० आणि माझा क्रमांक, याच क्रमाने. मी चौथी आहे याबद्दल मी तक्रार केली, तर म्हणाले, ‘‘तू फोन उचलतेस कुठे?’’

मागच्या महिन्यात त्यांना केवायसीचा संदेश आला, या वेळी बँकेचाच. त्यांनी तीन दिवस तो तसाच ठेवला. गुरुवारी आधारची झेरॉक्स घेऊन शाखेत गेले, रांगेत तासभर उभे राहिले. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, ‘‘काका, एवढ्या उन्हात कशाला आलात, अजून दीड महिना आहे की.’’